प्रश्न तुमचे, उत्तरं आमची : ठोके मोजणारा छातीचा पट्टा

प्रश्न : वय ४६. हाफ मॅरेथॉनच्या तयारीसाठी तळजाईवर पळतो. गप्पा मारत सावकाश पळतानाही मनगटावरचं घड्याळ १६८ ठोके दाखवतं आणि चढावर दम लागतो तेव्हा १४०. छातीचा पट्टा घ्यावा का? घेताना काय पाहावं?
— एक वाचक, सहकारनगर

उत्तर : १६८ हा आकडा बहुधा हृदयाचा नाहीच, पावलांचा आहे. सावकाश पळतानाही अनेकांची पावलं मिनिटाला १६० ते १७० पडतात. घड्याळ कातडीत हिरवा प्रकाश सोडतं आणि रक्ताच्या प्रवाहाबरोबर परत येणारा प्रकाश किती कमीजास्त होतो ते मोजतं. हात हलला की तो हेलकावाही त्यात मिसळतो आणि घड्याळ चुकून पावलांचाच ताल धरून बसतं. चढावर पावलं मंदावतात, म्हणून नेमका दम लागताना आकडा उतरतो. खात्री करायची असेल तर १६८ दिसताच थांबा, मानेवरची नाडी लगेच १५ सेकंद मोजा आणि ४ ने गुणा. पूर्ण मिनिट मोजत बसू नका, थांबल्यावर ठोके भराभर खाली येतात. उत्तर १३०च्या आसपास आलं तर चूक घड्याळाची.

पट्टा घ्याच. तो ईसीजीसारखा हृदयाचा विद्युत संकेत थेट छातीवरून टिपतो, त्यामुळे पावलांशी त्याची गल्लत होत नाही. ४०० मीटरच्या वेगवान फेऱ्यांमध्ये हा फरक सर्वांत जास्त जाणवतो. तिथे घड्याळाचा आकडा चढेपर्यंत फेरी संपत आलेली असते.

दुकानात जाण्याआधी घड्याळाच्या सेटिंगमध्ये बाहेरचा सेन्सर जोडायची सोय आहे का ते पाहा. अनेक स्वस्त स्मार्टवॉचमध्ये ती नसतेच. मग पट्टा फोनमधल्या अ‍ॅपला जोडून फोन कमरेला बांधून पळावं लागेल. दुसरी गोष्ट, ब्लूटूथ आणि अँट प्लस (व्यायामाच्या उपकरणांसाठीची वेगळी बिनतारी जोडणी) दोन्ही असलेलाच पट्टा घ्या. आज घड्याळ आहे, उद्या सायकल कॉम्प्युटर आला तरी चालेल. तिसरी गोष्ट लोक विसरतात आणि आमच्या मते तीच महत्त्वाची : सेन्सरची डबी टिचबटणांनी पट्ट्यापासून सुटी व्हायला हवी. कापडी पट्टा घामाने आणि धुण्याने आधी मरतो, डबी कितीतरी जास्त टिकते. डबी शिवलेलीच असेल तर पट्ट्याबरोबर सगळंच जातं.

पोलर कंपनीच्या एच ९ आणि एच १० या पट्ट्यांमध्ये अडकलेले बरेच जण असतात. एच १० मध्ये एका वेळी दोन ब्लूटूथ जोडण्या चालतात आणि एका सरावाची नोंद डबीतच राहते. एच ९ मध्ये एकच ब्लूटूथ जोडणी, नोंद नाही. घड्याळ लावूनच पळणार असाल तर एच ९ किंवा त्याच प्रकारचा साधा पट्टा पुरे. वरचे पैसे बुटांवर खर्च करा.

जोडताना फोनच्या ब्लूटूथ यादीतून जोडू नका, अ‍ॅपच्या किंवा घड्याळाच्या मेनूतूनच जोडा. एकच जोडणी घेणारा पट्टा फोनने आधी पकडून ठेवला असेल, तर घड्याळाला तो सापडतच नाही. ‘पट्टा खराब निघाला’ म्हणून परत नेण्याआधी फोनचं ब्लूटूथ बंद करून पाहा.

प्रश्न : पट्टा आहे. थंडीत पहाटे खडकवासल्याकडे सायकल काढली की पहिली दहा मिनिटं २००च्या वर ठोके दिसतात, मग आपोआप १२५वर येतात. हृदयाचं काही असेल का?
— एक वाचक, वारजे

उत्तर : घाम येताच आकडा सुधारतो, यावरून कारण बहुधा कोरड्या संपर्काचं आहे. इलेक्ट्रोड (पट्ट्यातले संकेत टिपणारे भाग) आणि कातडी यांच्यामध्ये ओलावा नसेल तर विद्युत संकेत नीट पोचत नाही. पुण्यात नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा कोरडी, कातडीही कोरडी. त्यात सैल पॉलिस्टरची जर्सी वाऱ्याने फडफडते आणि घासून स्थिर वीज तयार करते. सेन्सरला ती ठोक्यांसारखीच भासते. म्हणून उतारावर, पायडल न मारताही आकडा उडी घेतो.

पट्ट्याच्या आतल्या बाजूचे दोन्ही इलेक्ट्रोड निघताना नळाखाली चांगले भिजवा. नुसता ओला हात फिरवून भागत नाही. वाऱ्यात पाणी लवकर सुकतं, म्हणून सोनोग्राफीला वापरतात ते जेल दोन थेंब लावलं तर जास्त टिकतं. पट्टा छातीच्या स्नायूंच्या लगेच खाली, उरोस्थीच्या टोकाशी हवा. खोल श्वास घेतला तरी सरकणार नाही आणि दोन बोटं आत जातील इतका घट्ट. छातीवर दाट केस असतील तर इलेक्ट्रोडखालची जागा कातरून घ्या. जर्सी अंगाला घट्ट घाला. एवढं करूनही घाम आल्यावर आकडा उड्या मारत असेल तर नवा कापडी पट्टा लावून पाहा. मिठाने आणि साबणाने जुन्याचे इलेक्ट्रोड निकामी होतात.

मात्र २०० दिसताना मानेवरची नाडीही तशीच धडधडत असेल, किंवा सोबत चक्कर, छातीत दुखणं, नेहमीपेक्षा जास्त धाप यांपैकी काही असेल, तर पट्ट्याला दोष देत बसू नका. थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. पट्टा ठोके मोजतो, रोगनिदान करत नाही.

प्रश्न : सेल दर महिन्याला संपतो. पट्ट्याला वासही येतो.
— एक वाचक, औंध

उत्तर : दोन्हींचं मूळ एकच असावं : सराव झाल्यावर डबी ओल्या पट्ट्यालाच लावून ठेवणं. दोन टिचबटणांमध्ये ओलाव्याने विद्युत मार्ग जुळला की अनेक डब्या जाग्या होतात आणि पट्टा वाळेपर्यंत सेल खात राहतात. घरी आल्याबरोबर डबी काढून पुसा, पट्टा वाहत्या पाण्यात खळबळून सावलीत वाळवा. पाच-सहा वेळा वापरल्यावर सौम्य साबणाने धुवा. ब्लीच आणि कपडे मऊ करणारं कंडिशनर नको, पिळणंही नको. टिचबटणांवर हिरवट थर आला असेल तर जुन्या टूथब्रशने घासून काढा.

सेल आणताना जुना सोबत न्या. काही डब्यांना सीआर २०३२ लागतो, काहींना सीआर २०२५. व्यास सारखाच, २० मिलिमीटर, पण जाडी ३.२ आणि २.५ मिलिमीटर. जाड सेल दाबून बसवला तर झाकण नीट बसत नाही आणि घाम आत जातो. झाकणातली रबरी रिंग जागेवर आहे ना, तेही पाहा.

प्रश्न : पट्ट्यामुळे स्पोर्ट्स ब्राच्या खाली लाल रेघ उमटते आणि जळजळ होते.
— एक वाचिका, कोथरूड

उत्तर : ब्राची इलॅस्टिक पट्टी आणि हा पट्टा एकावर एक आले की घर्षण वाढतं. पट्टा तिच्या पूर्ण खाली सरकवा, किंवा पट्टी रुंद असेल तर तिच्या आत सपाट बसवून थोडा सैल करा, ब्रा त्याला धरून ठेवते. व्हॅसलीन फक्त कडेला आणि पाठीकडे लावा, इलेक्ट्रोडखाली कधीच नाही, संकेत अडतो. घेताना साइझ पाहून घ्या. तरीही जळजळ राहिली तर दंडावर बांधायचा प्रकाशावर चालणारा सेन्सर घ्या. मनगटापेक्षा तो बराच भरवशाचा असतो.

प्रश्न : वडील ६४ वर्षांचे, रक्तदाबाची गोळी चालू आहे, रोज पर्वती चढतात. पट्टा देऊन ‘२२० वजा वय’प्रमाणे मर्यादा ठरवू का?
— एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : आधी गोळीचं नाव पाहा. मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल, बिसोप्रोलॉल ही बीटा ब्लॉकर औषधं ठोके फारसे वाढू देत नाहीत. मग सूत्राने आलेल्या १५६ या कमाल ठोक्यांच्या आधारे काढलेली मर्यादा फसवते : वडील पूर्ण थकलेले असतील आणि पट्टा ११५ दाखवेल. अशा वेळी टीएमटी (ट्रेडमिलवर चालवून करतात ती हृदयाची तपासणी) करून डॉक्टरांनी सांगितलेली मर्यादाच धरा. पेसमेकर असेल तर पट्टा लावण्याआधीच डॉक्टरांना विचारा. पर्वतीच्या १०३ पायऱ्यांवर आणखी एक अडचण आहे : ठोके श्रमाच्या मागून वाढतात, त्यामुळे आकडा दिसेपर्यंत वडील दहा-वीस पायऱ्या पुढे गेलेले असतात. चढताना त्यांना पूर्ण वाक्य न तुटता बोलता येतंय का, ते पाहा. वाक्य तुटलं की तिथल्या तिथे थांबायचं, पट्टा काहीही दाखवत असला तरी.