सेमिनारमध्ये पांडा नको, फणस दाखव

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रं कॅमेऱ्याने ओळखणाऱ्या सिस्टीम्सबद्दल आहेत, म्हणून ती एकत्रच घेतेय.

प्रश्न : मॅडम, मी टीई कॉम्प्युटरला (इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला) आहे. सेमिनारला मी 'इमेज रेकग्निशनवरचे अ‍ॅडव्हर्सरियल अटॅक' हा टॉपिक घेतलाय. गाईड सर म्हणाले, पांडाचा फोटो दरवर्षी कुणीतरी दाखवतंच, यात तुझं काय? वेळ 15 मिनिटं. नवीन रिसर्च तर मी करू शकत नाही, मग काय करू?
— एक विद्यार्थिनी, नाशिक

सरांचं बोलणं मनाला लावून घेऊ नकोस, प्रश्न अगदी बरोबर विचारलाय त्यांनी.

ज्यांना पांडा माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगते. अ‍ॅडव्हर्सरियल अटॅक म्हणजे मशीनला फसवायला फोटोत मुद्दाम हिशोबाने केलेला बदल. 2014 मध्ये इयन गुडफेलो, जॉनथन श्लेन्स आणि क्रिस्टियन सेगेडी या तिघांनी एक पेपर लिहिला. त्यातल्या एका फोटोला गूगलनेट नावाचं मॉडेल, म्हणजे फोटोत काय आहे ते ओळखायला शिकवलेला प्रोग्राम, 57.7 टक्के खात्रीने पांडा म्हणत होतं, मग त्यांनी पिक्सेलना इतका बारीक धक्का दिला की तो 8 बिट चित्रातल्या (म्हणजे 0 ते 255 अशा रंगाच्या मोजपट्टीवरच्या) सगळ्यात लहान पायरीएवढा, आपल्या डोळ्यांना दोन्ही फोटो एकसारखेच दिसतात, पण मॉडेल म्हणालं हा गिबन वानर आहे, आणि तेही 99.3 टक्के खात्रीने. तेव्हापासून तो पांडा प्रत्येक पीपीटीत आहे.

आता तुझं काय ते सांगते. गूगलचं कोलॅब उघड, त्यात ब्राउझरमध्येच कोड चालतो, आधीच ट्रेन केलेलं रेसनेट-18 हे फोटो ओळखणारं मॉडेल घे, फुकट मिळतं, आणि फोटो मात्र तू स्वतः मोबाईलने काढलेला घे. ही मॉडेल्स इमेजनेट नावाच्या ज्या फोटोंच्या संग्रहावर शिकलीत त्याच्या 1000 प्रकारांमध्ये फणस आहे, सीताफळ आहे, डाळिंबही आहे, पण आंबा नाही. तर फणसाचा फोटो घे. पहिल्यांदा साधा फोटो दे. मग त्याच फोटोत कशाही, दिशाहीन, पण ठरावीक मापाच्या ठिपक्यांचा गोंधळ मिसळून दे. आणि तिसऱ्यांदा तेवढ्याच मापाचा पण हिशोब करून दिलेला धक्का दे. दुसऱ्या वेळी बहुतेक करून उत्तर फणसच राहील, तिसऱ्या वेळी भलतंच काहीतरी येईल. ही मधली स्लाइड फार कमी मुलं दाखवतात आणि माझ्या मते सगळा विषय त्या स्लाइडमध्येच आहे, कारण तिच्याशिवाय ऐकणाऱ्याला वाटतं की फोटो खराब केला म्हणून मशीन चुकलं.

मग समजावून सांग असं का होतं. 224 बाय 224 चा रंगीत फोटो म्हणजे मॉडेलसाठी 1,50,528 आकडे. यातला प्रत्येक आकडा जरासा वाढवला तर उत्तर कुठल्या बाजूला सरकेल हा उतार काढता येतो, ज्याला तुम्ही ग्रेडियंट म्हणता. प्रत्येकाला चुकीच्या बाजूला टिचभर ढकललं की एकेकाचा परिणाम नगण्य, पण दीड लाख आकडे एकाच दिशेने, थेंबे थेंबे तळे साचे. गोंधळाचे ठिपके मात्र काही इकडे ढकलतात काही तिकडे, आणि एकमेकांना खाऊन टाकतात.

वेळ उरला तर आंब्याचा फोटोही दे. आंबा त्याच्या यादीतच नाही, तरी ते गप्प बसणार नाही, हजारातलं एक नाव सांगणारच. 'मला माहीत नाही' असं म्हणायची सोय त्याच्यात ठेवलेलीच नसते, आणि मला तर मुद्दाम केलेल्या कुठल्याही हल्ल्यापेक्षा ही गोष्ट जास्त काळजीची वाटते.

गेल्या वर्षी एका कॉलेजच्या सेमिनारला मी परीक्षक म्हणून बसले होते. मुलाने छान बोलून पांडा दाखवला, आणि मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, हा फोटो कागदावर प्रिंट करून मोबाईलने परत काढला तर? तो मुलगा एकदम गप्प झाला, लेझर पॉइंटर हातात तसाच, लाल ठिपका गिबनच्या नावावर थरथरतोय. सगळ्या दुपारभरातला तोच सगळ्यात मोलाचा प्रश्न होता. तो प्रश्न अ‍ॅलेक्सी कुराकिन, गुडफेलो आणि सॅमी बेंजिओ यांनी 2016 मध्येच घेतला होता, खरोखर प्रिंट काढले, फोनने फोटो घेतले, आणि बऱ्याच फोटोंमध्ये फसवणूक टिकली, सगळ्यांत नाही. पुढे एमआयटीच्या मुलांनी थ्रीडी प्रिंटरवर कासव बनवलं जे वेगवेगळ्या बाजूंनी पाहिलं तरी मॉडेलला बंदूक वाटायचं, आणि 2018 मध्ये दुसऱ्या संशोधकांनी स्टॉपच्या पाटीवर काळेपांढरे स्टिकर लावून मॉडेलला तिला वेगमर्यादेची पाटी म्हणायला लावलं. तू फणसाचा प्रिंट काढून घेऊनच जा, वीस रुपयांचं काम आहे, सगळ्यांसमोर वेबकॅमपुढे धर. फसवणूक टिकली नाही तर लपवू नकोस, का टिकली नाही ते बोल, कागद, प्रिंटरचा रंग, हॉलमधला उजेड, हे सगळं मध्ये येतं.

शेवटची पाच मिनिटं अशा हल्ल्यांपासूनच्या बचावाला ठेव, कारण तिथेच खरं शिकायला मिळतं. 2018 च्या आयसीएलआर या मोठ्या कॉन्फरन्सला बचावाच्या ज्या पद्धती स्वीकारल्या गेल्या होत्या त्यातल्या 9 अनीश अथाल्ये, निकोलस कार्लिनी आणि डेव्हिड वॅग्नर यांनी तपासायला घेतल्या. 7 जणांनी फक्त उतार झाकून ठेवला होता, म्हणजे हल्ला करणाऱ्याला ग्रेडियंट नीट मिळू नये एवढंच, आणि त्या 7 पैकी 6 पूर्ण आणि 1 अर्धवट मोडली. ते बचाव बनवणारी काही आळशी माणसं नव्हती, चांगली हुशार मंडळी होती, पण आपल्याच बचावावर आपण पूर्ण जोर लावून हल्ला केला नाही तर असं होतं. हल्ले दाखवून दाखवून मॉडेलला शिकवण्याची एमआयटीची 2017 ची पद्धत बऱ्यापैकी टिकून राहिली, पण सिफार-10 या चाचणीच्या फोटोसंग्रहातल्या साध्या फोटोंवर साधारण 87 टक्के आणि हल्ल्याखाली 46 च्या आसपास असे तिचे आकडे होते, म्हणजे उपाय आहे पण महाग आहे आणि अपुराही आहे. सर थ्रेट मॉडेल विचारतील, म्हणजे हल्ला करणाऱ्याची ताकद किती धरली आहेस ते, तेव्हा हल्ला करणाऱ्याकडे मॉडेल आहे की नाही, तो किती बदल करू शकतो, हे तूच आधी सांगून टाक. मॉडेल हातात नसेल तरी स्वतःचं दुसरं मॉडेल बनवून त्यावरचा हल्ला इकडे चालवता येतो, हे 2013 च्या सेगेडींच्या पेपरपासून माहीत आहे.

प्रश्न : मी ज्युनिअर कॉलेजात शिकवते. डिग्रीच्या मुलांनी चेहऱ्यावरून हजेरी घेणारी सिस्टीम बनवली, सेमिनारमध्ये 98 टक्के अ‍ॅक्युरसी सांगितली, आणि आता ती आमच्याकडे लावायचं चाललंय. आमच्या एका मुलाने मित्राचा फोटो मोबाईलवर दाखवला आणि मित्राची हजेरी लागली. हा अ‍ॅडव्हर्सरियल अटॅकच ना?
— एक शिक्षिका, कोल्हापूर

नाही ताई, हा त्याहून खूप सोपा आणि खूप जुना प्रकार, याला प्रेझेंटेशन अटॅक म्हणतात. मॉडेल इथे चुकलंच नाही, चेहरा त्या मित्राचाच होता आणि त्याने बरोबर ओळखला. समोर जिवंत माणूस आहे का हे कुणी विचारलंच नव्हतं. आणि ते 98 टक्के मोजताना बहुतेक सगळे फोटो प्रामाणिक मुलांचेच असणार, फसवायला आलेला एकही नसेल, त्यामुळे तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या आकड्यात शोधू नका.

मुलांना बोलावून सांगा की फोनवरचा फोटो, कागदावरचा प्रिंट आणि फोनवरचा व्हिडिओ अशा तीन गोष्टी प्रत्येकी पन्नास वेळा दाखवा आणि किती वेळा हजेरी लागली ते लिहून आणा. डोळे मिचकावा म्हणणाऱ्या तपासणीत साधा फोटो अडकतो पण व्हिडिओ पास होतो. आयफोनचा फेस आयडी 30,000 हून जास्त इन्फ्रारेड ठिपके टाकून चेहऱ्याची खोली मोजतो, म्हणून सपाट फोटो त्याला चालत नाही, पण साध्या वेबकॅमकडून ती अपेक्षा करता येत नाही. आणि चष्मा घालून करायचे हल्लेही आहेतच, कार्नेगी मेलन या अमेरिकन युनिव्हर्सिटीच्या मंडळींनी 2016 मध्ये साध्या इंकजेट प्रिंटरवर छापलेली रंगीत फ्रेम घालून दुसऱ्याच माणसाच्या नावाने ओळख पटवून दाखवली होती, पण तुमच्या वर्गात कुणाला एवढा खटाटोप करायची गरजच नाही.

दुसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, चेहरा नाही. अकरावी-बारावीची मुलं 18 च्या आतली, आणि 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अशा मुलांचा डेटा वापरायला पालकांची पडताळून बघता येईल अशी संमती लागते ही तरतूद आहे. ते फोटो कुठल्या लॅपटॉपवर आहेत, प्रोजेक्ट संपला की कोण पुसणार, हे लेखी घ्या, आणि ते मिळेपर्यंत तरी मस्टरवरच हजेरी घ्या, साठ मुलांना चार मिनिटं लागतात.

प्रश्न : मुलगा एमएस्सीला आहे, सेमिनारसाठी कुठून कुठून तयार मॉडेल डाउनलोड करतो. घरात लॅपटॉप एकच, त्यावर माझं बँकेचं कामही चालतं. यात काही धोका?
— एक वाचक, सांगली

आहे, आणि दोन वेगळे आहेत. पहिला फाइलचा. पायटॉर्च या मॉडेल बनवायच्या सॉफ्टवेअरची जुन्या पद्धतीची मॉडेल फाइल पिकल या प्रकाराची असते आणि ती उघडताना तिच्यात लपवलेला कोड चालू शकतो, म्हणजे अनोळखी प्रोग्राम चालवण्यासारखंच. पायटॉर्च 2.6 पासून लोड करताना फक्त आकडेच घ्यायचे ही सेटिंग आपोआप चालू असते, जुनं व्हर्जन असेल तर अपडेट करायला सांगा, आणि सेफटेन्सर्स प्रकारातली, म्हणजे फक्त आकडे ठेवणारी, फाइल मिळत असेल तर तीच घ्यायला सांगा.

दुसरा धोका मॉडेलच्या आतला. न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीच्या तिघांनी 2017 मध्ये दाखवलं की मॉडेल ट्रेन करतानाच त्यात चोरवाट ठेवता येते, सगळ्या चाचण्या नीट पास होतात, पण स्टॉपच्या पाटीवर एक पिवळी चिकट चिठ्ठी लावली की ते वेगमर्यादा म्हणतं. सेमिनारपुरतं याने फारसं बिघडत नाही, पण तेच मॉडेल उद्या कुणाच्या गेटवर बसणार असेल तर ते कुणी बनवलं हे मुलाला सांगता यायला हवं.

तुम्ही आजच त्याला लॅपटॉपवर वेगळं युजर अकाउंट काढून द्या, अ‍ॅडमिन नसलेलं, आणि अनोळखी फायली शक्यतो कोलॅबवरच उघडायला सांगा, म्हणजे त्या तुमच्या बँकेच्या कामाजवळ येणारच नाहीत.