“मुलीला उचलणं बंद केलंय मी”

३६ वर्षांचे ते गृहस्थ समोर बसले आणि पहिलं वाक्य हेच बोलले. मुलगी चार वर्षांची. “तिला सांगितलंय, बाबांची पाठ दुखते.” पाठ दुखत नव्हती. ऑफिसच्या आरोग्य तपासणीत डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी क्ष-किरण तपासणी, झाली होती. घनतेचा आकडा, टी-स्कोअर, उणे १.८ आणि पुढे यंत्रानेच छापलेला शब्द, ऑस्टिओपेनिया, म्हणजे हाडांची घनता कमी. त्याच दिवशी आफ्रिकी वंशाच्या एका सहकाऱ्याचीही तपासणी झाली. वय जवळपास तेच, जिमही एकच, पण त्याचा रिपोर्ट उत्तम. “मग माझ्यातच काय कमी आहे?”

हा प्रश्न समुपदेशनासाठी माझ्याकडे येणारे बरेच पुरुष विचारतात. वरवर तो हाडांचा असतो, आत मात्र पुरुष म्हणून कमी पडल्याची बोच असते. ती आधी बोलून दाखवली नाही, तर कितीही माहिती दिली तरी मनात उतरत नाही. त्यामुळे पहिले दोन तास आम्ही रिपोर्ट बाजूलाच ठेवला. भीतीपोटी काय काय सुटलं ते त्यांनी कागदावर लिहिलं: वजनं उचलणं, धावत जिना चढणं, मुलगी. वाचताना त्यांचे डोळे भरून आले. हाड एकही मोडलं नव्हतं, आणि जगणं मात्र आखडत चाललं होतं.

मी डॉक्टर नाही. म्हणून डॉक्टरांना विचारायचे प्रश्न आम्ही मिळून तयार केले: हा आकडा कुणाशी तुलना करून काढलाय? माझ्या वयाला तो लागू होतो का? माझ्या चणीचा त्यात विचार झालाय का?

उत्तरं घेऊन ते परत आले तेव्हा आवाज बदललेला होता. टी-स्कोअर तरुण व्यक्तींच्या सरासरीशी तुलना करतो, आणि ती सरासरी बहुतेकदा गोऱ्या लोकांच्या मापांवरून घेतलेली असते. पन्नाशीच्या आतल्या पुरुषांसाठी समवयस्कांशी तुलना करणारा झेड-स्कोअर बघायचा असतो, आणि तो उणे २ किंवा त्याखाली गेला तर वयाच्या मानाने कमी धरतात. त्यांचा उणे १.१ होता. शिवाय डेक्सा सपाट चित्रावरून दर चौरस सेंटिमीटरमागचं खनिज मोजते. १६३ सेंटिमीटर उंचीच्या माणसाचं हाड मुळात लहान, त्यामुळे ते आतून तितकंच भरीव असलं तरी आकडा कमी दिसतो. आफ्रिकी वंशाच्या पुरुषांच्या हाडांची घनता सरासरीने जास्त असते हे खरंच आहे. पण चिनी आणि जपानी पुरुषांचा आकडा गोऱ्यांपेक्षा कमी येऊनही त्यांच्यात खुब्याचं हाड मोडण्याचं प्रमाण कमी आढळलेलं आहे. स्टेरॉइडच्या गोळ्या, धूम्रपान, घरात कुणाचा खुबा मोडल्याचा इतिहास, यांपैकी काहीही त्यांच्या बाबतीत नव्हतं. ड जीवनसत्त्व कमी निघालं, त्यावर उपचार सुरू झाले.

पण मला इथेच थांबावंसं वाटलं नाही. त्याच रिपोर्टमध्ये वजन ६४ किलो, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २४.१ आणि शेजारी ‘सामान्य’ असा शेरा होता. तो त्यांनी एकदाही वाचला नव्हता, कारण तो घाबरवणारा नव्हता. कंबर होती ९३ सेंटिमीटर. २००४ मध्ये भारतीय चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश जॉन यडकिन या दोन डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचंच उदाहरण मांडलं: दोघांचाही बीएमआय २२.३, पण यडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. दक्षिण आशियाई पुरुषांत तेवढ्याच वजनाला स्नायू कमी आणि चरबी जास्त, तीही पोटाशी, असं सरासरीने दिसतं. म्हणूनच आशियाई लोकांसाठी बीएमआय २३ पासून सावध व्हा म्हणतात, आणि दक्षिण आशियाई पुरुषांना कंबर ९० च्या आत ठेवायला सांगतात. दुसऱ्यांच्या मापाच्या पट्टीने यांना हाडांबाबत विनाकारण घाबरवलं होतं आणि पोटाबाबत खोटा धीर दिला होता.

दोन्हींवरचा उपाय मात्र त्यांनी भीतीने सोडलेलाच होता. डॉक्टरांच्या संमतीने वजनं उचलणं हळूहळू पुन्हा सुरू झालं.

शेवटच्या भेटीत ते म्हणाले, “काल तिला खांद्यावर घेतलं. विचारत होती, बाबा, पाठ बरी झाली?”

“मग काय सांगितलंत?”

“खरं सांगितलं. पाठ दुखतच नव्हती, बाबा घाबरला होता.”