टाकी नको, वायर जाड घ्या

प्रश्न : काका नमस्कार, माझ्याकडे इसुझूची डिझेल व्ही-क्रॉस पिकअप आहे. आमचा ग्रुप रविवारी पहाटे चोरल, जाम गेटकडे निघतो, थंडीत नर्मदेकाठच्या वाळूत पण जातो. वाळूत टायर 18 पीएसआयवर आणतो आणि डांबरी लागायच्या आधी परत 33 करतो, पण लायटर सॉकेटवाला छोटा पंप तिसऱ्या टायरलाच तापून बंद पडतो. आता गाडीतच कायमचा कॉम्प्रेसर बसवायचाय. देवास नाक्यावर एक जण जुन्या ट्रकच्या ब्रेकची 20 लिटरची एअर टँकी स्वस्तात देतोय, म्हणे भिया ही लावा, चारी टायर दोन मिनटात. आणि मिस्त्री म्हणतो सगळं बोनेटमधेच टाकू. काय करू?
— एक वाचक, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : टँकीवाल्याला आधी नाही सांगून या, मग पुढचं वाचा.

हिशोब साधा आहे. तुमचा 18 इंची रिमचा टायर म्हणजे आत साधारण 65 लिटर जागा. 18 वरून 33 म्हणजे 15 पीएसआय वाढवायचे, आणि बाहेरच्या हवेचा दाब जवळपास तेवढाच असतो, 14.7, म्हणून प्रत्येक टायरला अजून एक टायरभर हवा लागणार, चारी मिळून 260 लिटर. आता ती 20 लिटरची टाकी 120 पीएसआयपर्यंत भरली तरी 33 पर्यंत उतरताना तिच्यातून 115-120 लिटरच बाहेर येतात, दोन टायर पण पुरे होत नाहीत, आणि शेवटी शेवटी तर हवा नुसती रांगते. पुढची हवा कोण देणार, तोच कॉम्प्रेसर ना! आणि ती टाकी पहिल्यांदा भरायला त्यालाच 160 लिटर ओढावे लागले होते ते वेगळेच.

दुसरं म्हणजे ट्रकच्या ब्रेकची लाइन 8 बारच्या आसपास चालते, म्हणजे 115-120 पीएसआय, आणि आपल्या कामाचे बरेच 12 व्होल्ट कॉम्प्रेसर आपोआप बंद (कट-ऑफ) होतात 150 ला, म्हणजे टाकीवर तिच्या रोजच्या दाबापेक्षा जास्त जोर. भंगारातली टाकी आतून किती गंजलीय ते बाहेरचा नवा काळा पेंट बघून कळत नाही. पंक्चरला इम्पॅक्ट गन चालवायची असेल किंवा एअर लॉकर (हवेच्या दाबाने डिफरन्शियल लॉक करणारा) असेल तर छोटी नवी टाकी घ्या, तिच्यावर कट-ऑफच्या थोड्या वरचा, म्हणजे 175 चा सेफ्टी वॉल्व आणि बुडाला ड्रेन कॉक पायजेच, पावसाळ्यात पाणी किती निघतं ते बघाल तर चकित व्हाल. नुसती हवा भरायची तर टाकी नकोच.

कॉम्प्रेसर कोणता, तर मिनिटाला 55-60 लिटरवाला एक सिलिंडरचा पुरतो, 260 लिटरला कागदावर 5 मिनिटं, खरं बघता 7-8. ट्विन, म्हणजे दोन सिलिंडरचा घेतला तर वेळ साधारण निम्मा पण तो 50 अँपियरच्या वर खातो. आणि डब्यावर ड्यूटी सायकल वाचा, म्हणजे एकूण वेळातला किती वेळ तो चालवायचा. 100 पीएसआयला 33 टक्के लिहिलं असेल तर 10 मिनिटं चालवून 20 मिनिटं आराम, टायरला दाब कमी असतो म्हणून थोडं जास्त ओढतो, तरी मे महिन्यात दुपारी मेहेरबानी करा त्याच्यावर.

जागा. बोनेटमधे लावायला मिस्त्रीला सोपं पडतं म्हणून तो तसं म्हणतोय, बॅटरी जवळ, वायर कमी. पण तिथे इंजिनची गर्मी, वर आपली माळव्याची धूळ, आणि नाल्यात उतरलात की पाणी. मागच्या सीटखाली किंवा सीटमागे जागा निघत असेल तर माझं मत तिकडेच, आवाज होतो पण हवा भरताना आपण तसेही बाहेर उभे असतो. बोनेटमधेच लावायचा झाला तर टर्बो आणि एक्झॉस्टपासून लांब लावा आणि एअर फिल्टर पाइपने वर उंच घ्या.

आता खरा मुद्दा, वायर. लोक कॉम्प्रेसरवर पैसे खर्च करतात आणि वायर हॉर्नवाली टाकतात, मग म्हणतात कंपनी खराब. 30 अँपियर, बॅटरीपासून सीटपर्यंत 4 मीटर, परतीचा रस्ता धरून 8. 6 स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरीत 0.7 व्होल्ट वाटेतच जातो, 10 मधे 0.4 च्या आसपास. म्हणून बोनेटमधे 6 चालेल, सीटखाली 10 च. ट्विनला त्याहून जाड. फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात, कारण फ्यूज वायरला वाचवायला असतो, कॉम्प्रेसरजवळ लावला तर मधली सगळी वायर उघडीच राहिली ना. फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनच्या मधला पत्रा) जाईल तिथे रबर ग्रोमेट, नाहीतर पत्रा कापणारच एक दिवस. डॅशबोर्डच्या स्विचमधून पूर्ण करंट नेऊ नका, स्विच फक्त रिले ओढेल (छोट्या करंटवर चालून मोठा करंट जोडणारा स्विच), आणि डॅशबोर्डचा स्विच इग्निशनवर घ्या. मायनसच्या टर्मिनलवर बॅटरी सेन्सर असेल तर अर्थ बॉडीला द्या, टर्मिनलला नाही. आणि हवा भरताना इंजिन चालू.

फिटिंगमधे एक गोची आहे. बाहेरून आलेल्या कॉम्प्रेसरला बहुतेक एनपीटी म्हणजे अमेरिकन मापाचे आटे असतात आणि सियागंजमधे हार्डवेअरवाला देतो तो निप्पल बीएसपी, म्हणजे ब्रिटिश मापाचा. पाव इंचीत एनपीटीला इंचाला 18 आटे, बीएसपीला 19, त्यामुळे दोन-तीन फेरे मस्त बसतं, मग अडकतं, मग मिस्त्री मोठा पाना आणतो आणि अ‍ॅल्युमिनियमचं हेड चिरतं. सोबत नमुना घेऊन जा, नाहीतर अडॅप्टर मागा. टेफ्लॉन टेप पहिला आटा सोडून गुंडाळा, तुकडा आत गेला की वॉल्वमधे जाऊन बसतो. कॉम्प्रेसरमधून निघणारी हवा कढत असते, म्हणून पहिला फूट-दीड फूट स्टीलच्या जाळीचा होज, नायलॉनची नळी त्याच्या पुढे.

झाल्यावर दाब भरून प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावा, आणि रात्रभर गेज लावून ठेवा. सकाळी काटा खाली आला असेल तर घरातून निघू नका, आधी लीक शोधा, नाहीतर प्रेशर स्विच दर थोड्या वेळाने कॉम्प्रेसर चालू करत बसेल.

प्रश्न : माझ्या जुन्या जीपला एसीचा कॉम्प्रेसर बेल्टवर लावून हवा भरता येईल असं एक मित्र सांगतो. खरं का? जमलं तर त्याच्यावर प्रेशर हॉर्न पण लावीन.
— एक वाचक, राजेंद्र नगर, इंदूर

उत्तर : येते भरता, आणि हवा पण दाबून देतो, बिजलीवाल्याला लाजवेल इतकी. पण आजकालच्या गाड्यांमधल्या एसी कॉम्प्रेसरला तेल गॅसबरोबर फिरून मिळतं. गॅसच्या जागी हवा ओढली की तेल बंद, थोड्या दिवसात जाम. म्हणून इनलेटला ऑइलर लावा आणि आउटलेटला सेपरेटर, नाहीतर टायरमधे तेल. जुना यॉर्क कंपनीचा पिस्टनवाला एसी कॉम्प्रेसर मिळाला तर त्याला स्वतःची तेलाची संप असते, म्हणूनच ऑफरोडवाले त्याच्या मागे असतात. पण ब्रॅकेट बनवणारा आणि पुली एका रेषेत बसवणारा चांगला खरादवाला हाताशी असेल तरच या भानगडीत पडा.

प्रेशर हॉर्न मात्र राहू द्या. केंद्रीय मोटर वाहन नियम 119 प्रमाणे कर्कश आणि अनेक सुरांचे हॉर्न चालत नाहीत.