सातवीच्या मुलांना समोच्च रेषा (नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) कशा शिकवाव्यात?

फळा सोडा, बटाटा घ्या. एका बाजूला फुगलेला, वेडावाकडा मिळाला तर उत्तमच. उभा अर्धा चिरून पाटावर पालथा ठेवा, झाला डोंगर. वरून दोन टूथपिक आरपार खोचून भोकं पाडा, काड्या काढा आणि एकेक सेंटिमीटरवर आडवे काप करा. सगळ्यात खालचा काप कागदावर ठेवून कडेने पेन्सिल फिरवा, भोकांच्याही खुणा करा. मग त्याच खुणांवर वरचा काप, मग त्याच्या वरचा. (खुणा हलल्या की रेषा एकमेकींवर चढतात आणि मुलंच ओरडतात, "सर, चुकलं!") खड्या बाजूला रेषा दाटीवाटीने, निवांत उताराला ऐसपैस, हे सांगावं लागत नाही, दिसतं.

नंतरच भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० नकाशा काढा. आपल्याकडच्या अशा नकाशांत लगतच्या दोन रेषांत सहसा २० मीटरचा फरक असतो. तो उंचीतला, कागदावरच्या अंतराचा नव्हे. इथे मुलं हमखास गडबडतात. १,६४६ मीटरचं कळसूबाई शोधायला लावा आणि विचारा, बारी गावातून चढताना दम कुठे लागेल?