वाचकांचे प्रश्न : सरीनं पाणी काढायचं की मुरवायचं?

प्रश्न : भारी काळ्या रानात सोयाबीन घेतो. जुलैत दोन दिवस धो धो पाऊस झाला की पीक पिवळं पडतं. पुढं ऑगस्टमध्ये वीस दिवसांची उघडीप पडली की तेच पीक माना टाकतं. गेल्या खरिपात बीबीएफ (रुंद वरंबा सरी) यंत्रानं पेरलं, तरी सऱ्यांत पाणी तुंबलंच. चुकलं कुठं?
— एक वाचक, हिंगोली जिल्हा

उत्तर : बहुधा सरीच्या उतारात. रुंद वरंबा सरीची ही पद्धत हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेत १९७० च्या दशकात याच भारी काळ्या जमिनीसाठी बसवली गेली. तिथं सरीला मोजून उतार दिलेला असतो. आपल्याकडं यंत्र भाड्यानं येतं आणि धुऱ्याला समांतर पेरून निघून जातं. मग एखादी सरी सपाट राहते आणि तुंबते, तर एखादी थेट उताराला लागून मातीच घेऊन जाते.

भारी रानात सरीला १०० फुटांमागं साधारण ६ इंच उतार हवा. तो पेरणीआधी मोजा. ५५ फूट पारदर्शक नळी घ्या, पाणी भरा आणि बुडबुडे पूर्ण काढा. एक राहिला तरी माप चुकतं. नळीची टोकं इंचांच्या खुणा केलेल्या दोन काठ्यांना बांधा. काठ्या आधी शेजारी उभ्या करून पाणी सारख्याच खुणेवर आहे ना, ते पाहा. नंतर ५० फुटांवर धरा. दोन्हीकडच्या खुणांत ३ इंचांचा फरक आला की ती सरीची दिशा. तिथं फक्कीची रेघ मारा आणि चालकाला त्याच रेघेवरून पहिला फेरा घ्यायला सांगा.

वरंबा १२० सेंमी, त्यावर ३० सेंमीवर चार ओळी, सरी ३० ते ४५ सेंमी रुंद. कडेची ओळ काठापासून १५ सेंमी आत ठेवा, नाहीतर पहिल्याच मोठ्या पावसात काठ ढासळून बी उघडं पडतं. बियाणं एकरी ३० किलोऐवजी २२ ते २४ किलो पुरतं. ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्याशिवाय पेरू नका आणि बी ३ ते ४ सेंमीपेक्षा खोल जाऊ देऊ नका.

सरीचं खालचं तोंड बांधाला अडलेलं नाही ना, हे नक्की बघा. तुंबण्याचं हे दुसरं मोठं कारण. तिथं आडवा चर काढून पाणी शेततळ्यात घ्या. तळ्याच्या तोंडाशी गाळखड्डा केलाच पाहिजे, नाहीतर दोन-तीन पावसाळ्यांत तळं गाळानं भरतं. शेजाऱ्याच्या रानात पाणी सोडू नका.

पीक पिवळं पडलं की युरिया फेकायची घाई होते. थांबा. पाणी साचल्यावर मुळांवरच्या गाठींना हवा मिळत नाही, म्हणून नत्र तुटतं. रान निथळेपर्यंत मुळं खतही उचलत नाहीत.

उघडिपीत हीच सरी कामाला येते. फुलोऱ्यात किंवा शेंगा भरताना तळ्यातलं पाणी सरीतून द्या. पाणी नसेल तर १० लिटरला १०० ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट (१३-०-४५) फवारा. पीक थोडे दिवस तग धरतं, पण ही फवारणी पाण्याची जागा घेत नाही.

प्रश्न : बीबीएफ यंत्र पेरणीच्या दिवशी मिळतच नाही. काय करावं?

उत्तर : सात दात्यांच्या पेरणीयंत्रात मधल्या, म्हणजे चौथ्या दात्याचं बियाण्याचं आणि खताचं छिद्र बंद करा. दर सहा ओळींनंतर एक ओळ आपोआप रिकामी राहते. कडेचा दाता बंद केला तर जाता-येता दोन रिकाम्या ओळी शेजारी येतात आणि पुढं बारा ओळी सलग लागतात. ही चूक फार होते. ३० ते ३५ दिवसांनी डवऱ्याला दोरी गुंडाळून रिकाम्या ओळीत सरी पाडा. रान वाफशावर असू द्या, ओल्यात डवरा चालवला तर माती थापली जाते.

प्रश्न : माझं रान हलकं, मुरमाड आहे. हाच उतार ठेवू?

उत्तर : नको. तुमच्याकडं पाणी तुंबत नाही, पळतं. त्याच नळीनं दोन्ही खुणा सारख्या येतील अशी समपातळीतली रेघ शोधा, सरी तिच्यावर काढा आणि दोन्ही तोंडं मातीनं बुजवा.