घरच्या घरी, कमी खर्चात वाऱ्यावर पळणारी तीनचाकी शिडाची गाडी बनवता येईल का? शीड केवढं लागेल?

येते की. वेल्डिंग येत असेल किंवा वेल्डिंगवाला ओळखीचा असेल तर अवघड काहीच नाही. पण शीड केवढं हा प्रश्न सगळे पहिला विचारतात आणि तो खरं तर शेवटचा आहे. आधी मागची चाकं आणि त्यांचे आख बघा. मी हे जरा तावातावाने लिहितोय, कारण हाच वाद आमच्या घरात अजून मिटलेला नाही.

आमचे दाजी मेकॅनिकल इंजिनिअर. मी लोखंडी चौकोनी पाईपची फ्रेम करून ठेवली होती, दाजी आले, एक चक्कर मारून बघितलं आणि म्हणाले, मागे सायकलची चाकं लाव, मोठी असतात, हलकी असतात, भंगारात पडलेलीच आहेत. मी म्हटलं दाजी, सायकल वळताना आपण तिच्याबरोबर कलतो म्हणून चाकावर वजन उभंच येतं, इथे शीड गाडीला आडवं ढकलणार, तो सगळा रेटा चाकाच्या बाजूवर येणार. शिवाय सायकलचा आख दोन्ही बाजूंनी धरलेला असतो, इथे एकाच बाजूने. तर म्हणे तू मला मेकॅनिक्स शिकवणार का. घरचे जावई, काय बोलणार, लावली.

मैदानात पहिले तेच बसले. सरळ छान गेली. मग बाजूने वाऱ्याचा एक झोत आला, दाजींनी शिडाचा दोर सोडायचा सोडून आणखी ओढला, आणि मागून टणटण असे स्पोक उडायला लागले. चाकाचा सरळ आठ झाला, फ्रेमचा कोपरा जमिनीत रुतला आणि गाडी स्वतःभोवती फिरून थांबली. दाजी उठले, पँट झटकली आणि म्हणाले, वारा चुकीचा होता.

त्यानंतर मी सिमेंट-वाळू वाहायच्या एकचाकी ढकलगाडीची चाकं बसवली, 20 मिमीच्या भरीव सळईचा आख, आणि प्लास्टिकच्या बुशऐवजी (म्हणजे आख ज्यात फिरतो ती नळी) बॉल बेअरिंग. जड आहेत पण मोडत नाहीत. पुढे मात्र लहान मुलांच्या सायकलचं चाक फोर्कसकट खुशाल वापरा, ते दोन्हीकडून धरलेलं असतं आणि त्यावर भारही कमी येतो. पायाने वळवायचं, म्हणजे हात दोराला मोकळे. पीव्हीसी पाईपच्या फ्रेमचे व्हिडिओ दिसतात त्यांच्या नादी लागू नका.

दाजींचा दुसरा मुद्दा अजून जिवंत आहे, की वाऱ्यावर चालणारी गाडी वाऱ्यापेक्षा जोरात जाणारच कशी, ऊर्जा कुठून येणार. अहो, डोलकाठीला एक रिबीन बांधा आणि बघा. गाडी उभी असताना वारा बाजूने आला की रिबीन आडवी उडते. गाडी पळायला लागली की तीच रिबीन मागे वळते आणि जास्त ताठ होते, कारण समोरून येणारा वारा मूळ वाऱ्यात मिसळतो आणि शिडाला तो एकत्र वारा लागतो. चाकं आडवी सरकू देत नाहीत म्हणून तो रेटा पुढे जाण्यात खर्च होतो. ऊर्जा येते ती वारा आणि जमीन यांच्या वेगातल्या फरकातून. वारा पाठीशी घेऊन सरळ गेलात तर मात्र वाऱ्याच्या वेगाजवळ पोचता पोचता रिबीन लोंबायला लागते आणि शीडही ढिलं पडतं. दाजींनी नेमकं एवढंच करून बघितलंय.

2022 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या गेर्डनर या कोरड्या तळ्यावर ग्लेन अ‍ॅशबी या शिडाच्या बोटी चालवणाऱ्या खेळाडूने होरोनुकू नावाची शिडाची गाडी ताशी 222 किमीच्या वर पळवली, तेव्हा वारा होता ताशी 40 किमीच्या आसपास. त्याआधीचा विक्रम 2009 चा, ग्रीनबर्ड नावाच्या शिडाच्या गाडीचा, ताशी 202.9 किमी. दाजींना दाखवलं तर म्हणाले त्यात मोटर लपवली असेल. यावर काय बोलायचं!

असो, शीड. एका मोठ्या माणसाला 4 ते 5 चौरस मीटर पुरतं. ताडपत्री चालते, दोन्हीकडून चिकटणाऱ्या टेपने जोडून वर शिलाई मारा, आणि पुढची कड पिशवीसारखी शिवून डोलकाठीवर चढवा. डोलकाठी जरा वाकणारी असू द्या, झोत आला की ती वाकते आणि जादा वारा निसटून जातो. शिडाचा जोर मागच्या आखाच्या थोडा पुढे पडला पाहिजे. फार पुढे गेला तर पुढचं चाक घसरतं, मागे गेला तर गाडी आपोआप वाऱ्याकडे तोंड फिरवते. बसायची जागा जमिनीला जवळजवळ टेकेल इतकी खाली ठेवा.

आणि हो, हेल्मेट घाला. डोलकाठी लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमची असेल तर वरून विजेच्या तारा गेलेल्या मैदानात जाऊच नका. लोकांची वर्दळ असेल तिथेही नको. शिडाचा दोर कुठेही गाठ मारून बांधून ठेवायचा नाही, हातातच धरायचा, कारण एक चाक उचललं गेलं की तो सोडणं हाच ब्रेक. दाजींना हेही पटलेलं नाही, ते म्हणतात हात दुखतो, बांधून टाक.