बंद केलेलं क्रेडिट कार्ड सिबिलमध्ये अजून थकीत दिसतंय, काय करू?

कार्ड दोन वर्षांपूर्वी बंद केलं, तरी सिबिलच्या (कर्जफेडीच्या नोंदी ठेवणारी कंपनी) रिपोर्टात ते थकीत दिसतं आणि त्यापायी अमळनेरला ट्रॅक्टरचं कर्ज अडलंय, असं तुम्ही लिहिलंय. घाबरू नका. पण कटकट नको म्हणून ‘सेटलमेंट’ (थोडी रक्कम भरून प्रकरण मिटवणं) मुळीच करू नका; रिपोर्टातला तो शेरा थकबाकीइतकाच नडतो.

जळगावात माझंही असंच झालं होतं. कार्ड बंद केल्यावर वार्षिक फी लागली, रिपोर्टात ‘थकीत ५९० रुपये’. कार्ड बंद झाल्याचा जुना ई-मेल सापडला म्हणून सुटलो. तुम्हीही तो आधी शोधा, मग कार्डाच्या बँकेकडून नो ड्यूज पत्र (काही देणं बाकी नसल्याचं) लेखी घ्या. तोंडी ‘होऊन जाईल भाऊ’वर उठून येऊ नका.

सिबिलच्या साइटवर लॉगिन करून त्याच खात्यावर डिस्प्यूट (नोंद चुकीची असल्याची हरकत) टाका, फुकट आहे. सिबिल स्वतःहून नोंद बदलत नाही, बँकेने दुजोरा द्यावा लागतो. म्हणून बँकेलाही त्याच दिवशी तक्रार करून क्रमांक जपा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तरीही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करा.

एक्सपेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हायमार्क या सिबिलसारख्याच कंपन्यांचे रिपोर्टही बघाच, वर्षातून एकदा मोफत मिळतात.